उरलेला नट

हातोडीचा लाकडी दांडा इंजिनावर टेकवायचा, दुसऱ्या टोकाला कान लावायचा आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायचं. बोट वर गेलं की धुळ्याच्या त्या गॅरेजात कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा नियम होता. ट्रकवाले विडी तोंडात तशीच धरून उभे राहत. मग डोळे मिटून नाना म्हणायचे,

“थांब भाऊ. ती बोली राहिनी.”

ती म्हणजे गाडी. काय बोलते म्हणून विचारलं की नाना, एखाद्या घरातली गोष्ट बाहेर सांगावी तसे आवाज खाली आणून सांगायचे, “म्हने, तिसरी खोलीमा दम लागस.” तिसरी खोली म्हणजे तिसरा सिलिंडर. उघडून पाहिलं की दम तिथेच लागत असायचा.

नानांचं नाव मी सांगत नाही. धुळ्याच्या बसस्टँडवर ‘नाना’ अशी हाक मारली तर सात जण वळून पाहतात. त्यातला ज्याच्या डाव्या कानाला काळं ऑइल लागलेलं असेल, तो माझा नाना, एवढं तुम्हाला पुरे.

आमची ओळख झाली ती आबांच्या मोटारीमुळे. आबा म्हणजे माझे आजोबा, सावद्याचे केळीचे व्यापारी. त्यांच्याकडे एक विलायती मोटार होती. रंग तांदळासारखा, गाल फुगलेले, दिवे वटारलेले. कायम कुणीतरी तिचा अपमान केल्यासारखी दिसायची. आबांचे गुडघे थकले तेव्हा त्यांनी ती केळी पिकवायच्या वखारीत लावली आणि जाताना माझ्या नावे ठेवून गेले. दहा वर्षं ती त्या अंधारात पिकत होती. मी वखारीचं दार उघडलं तेव्हा चाकं जमिनीत रुतलेली आणि सगळ्या मोटारीला पिकल्या केळीचा असा वास, की तिची साल काढावी आणि खावी.

ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला सरकारी कचेरीत नोकरीला होतो. घरच्यांचं मत, मोटार भंगारात द्यावी. माझं मत, चालवावी. जळगावातले तीन मेकॅनिक तिला पाहून हसले. चौथा म्हणाला, “धुळ्याला एक नाना आहे. तो हसणार नाही.”

केळीच्या ट्रकमध्ये खाली केळीची पानं अंथरून, वर मोटार चढवून, मी तिला धुळ्याला नेली. नाना खरंच हसले नाहीत. त्यांनी हातोडीचा दांडा बंद इंजिनाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, “आबानी मोटार शे ना ही?”

मी चाट पडलो. मेलेलं इंजिन आजोबांचं नाव सांगतं?

तसं काही नव्हतं. तरुणपणी नानांनी ही मोटार अनेकदा दुरुस्त केली होती. आबा दोंडाईच्याला बाजारासाठी निघाले की धुळ्यात थांबायचे, आणि दर वेळी नाना हात पुसत एकच विचारायचे, “आबा, एक डाव चालवू द्या ना.” आणि दर वेळी आबांचं उत्तर ठरलेलं, “नाना, मोटार आणि तोंडातली कवळी दुसऱ्याला देत नसतात.”

असं पंधरा वर्षं चाललं. मग आबांचं येणंच थांबलं.

“मजुरी नको माले,” नाना म्हणाले. “मोटार उभी करी देस. मंग एक डाव माले चालवू दे. पन भाऊ, लवकर व्हायाले पाहिजे.”

“घाई कसली, नाना?”

त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून डोळ्यासमोर एक छोटं भोक केलं. “काचबिंदू शे. कडेनं बठ्ठं गये. आते मधमा एवढंसं दिखस. सुपारीएवढं. डागदर म्हने, दिवाळीलोंग ते बी जाई.”

हे त्यांनी तिसरी खोली सांगावी त्याच आवाजात सांगितलं. त्यामुळे मला समजायला पुढचा सगळा परतीचा प्रवास लागला.

त्यानंतर दर रविवारी मी पहिल्या एसटीने धुळ्याला जाऊ लागलो. काखेत केळीच्या पानांची गुंडाळी. कंडक्टर विचारायचा, “सत्यनारायण आहे वाटतं?” मी गंभीरपणे हो म्हणायचो. सत्यनारायण नव्हता, पण विधी होता. नानांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मोटार उघडताना निघालेला प्रत्येक नट, बोल्ट, वॉशर ते केळीच्या पानावर मांडत. पानाचा मधला दांडा म्हणजे मोटारीचा कणा. डावीकडचं दांड्याच्या डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे. पुढचं शेंड्याला, मागचं देठाला. एका रविवारचं काम म्हणजे एक पान. शेडच्या जमिनीवर पानांची रांग वाढत गेली आणि आबांची मोटार, सुटी सुटी होऊन, तिथे निजली. दुपारी पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे त्या पानांवरून हळूहळू सरकत, आणि वाटे, कुणीतरी एकेक नट मोजत चाललं आहे.

आता माझा गुन्हा ऐका.

गणपती येऊन गेले होते. मोटार पुरती उघडून झाली होती, पुढच्या रविवारपासून जोडायची होती. जुनी पानं वाळून कोळ झाली होती. मी सावद्याचा माणूस. वाळक्या पानावर मांडलेलं काही मला बघवत नाही, मग ते नट का असेनात. नमाजाला गेलेल्या एका ट्रकवाल्याच्या गाडीखाली नाना शिरले होते, तेवढ्यात मी एकेका पानावरचा ऐवज जसाच्या तसा हिरव्यागार, ताज्या, पाणी शिंपडलेल्या पानांवर हलवला. एक नट इकडचा तिकडे झाला नाही. अकरा पानं! मागे सरून पाहिलं आणि स्वतःवर इतका खूश झालो की शेजारच्या अक्कांच्या टपरीवर चहा प्यायला गेलो. एक नाही, दोन प्यालो.

परत आलो तेव्हा अक्कांची बकरी अकराव्या पानाचं देठ चावत होती.

जमिनीवर नट, बोल्ट, वॉशर यांचा एकच ढीग. मधेच लेंड्या. मी तिला हाकललं, तेव्हा अक्का कमरेला पदर खोचून आल्या.

“मनी बकरीना काय गुन्हा? तुम्ही पंगत मांडी, ती जेवाले बठनी!”

नाना गाडीखालून बाहेर आले. मी रडवेल्या आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी वाकून, मान तिरकी करून, आपल्या सुपारीएवढ्या नजरेतून त्या ढिगाकडे पाहिलं. नजर इकडून तिकडे नेत राहिले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय केलं होतं. माझ्यासाठी तो पसारा होता, त्यांच्यासाठी ती दिवाळीची मुदत होती. आता काम तिच्या पलीकडे सरकलं होतं.

नाना सरळ उभे राहिले. मग विचारलं,

“नट त नही ना खादात तिनं?”

“नाही वाटतं.”

“मंग काय रडस? बस आठे.”

त्यांनी गोणपाट अंथरलं, मांडी घातली आणि डोळे मिटले. एक नट उचलला. अंगठा आणि बोट यांच्यात फिरवला, एखाद्या ओळखीच्या माणसाची हनुवटी धरावी तसा. “हाऊ तेलमा राहेल शे. इंजिनना.” दुसरा. “हाऊ पाऊस खायेल शे. मडगार्डना.” प्रत्येक नट आपल्या जागी इतकी वर्षं बसून आपल्या परीने झिजलेला असतो, हे मला त्या दिवशी समजलं. मी शेजारी बसून ते सांगतील तसं डब्यांत टाकत गेलो. अक्कांनी पश्चात्ताप म्हणून संध्याकाळपर्यंत फुकट चहा पाठवला. बकरीला मात्र पश्चात्ताप नव्हता.

ढीग निवडण्यात तीन रविवार गेले. मग जोडणी सुरू झाली. इंजिन पहिल्यांदा धडधडलं तेव्हा कुठल्या सांदीकोपऱ्यातून कोण जाणे, शेडभर पिकल्या केळीचा वास सुटला. सगळं बसलं आणि चिंचोक्याएवढा एक नट उरला.

“हाऊ कथाना शे?” नानांनी तो खिशात टाकला. “ऱ्हाऊ दे. ती स्वताच सांगी.”

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. सकाळी आम्ही मोटार गुरांच्या बाजाराच्या मैदानावर नेली. बाजाराचा दिवस नव्हता. मैदान रिकामं, धुक्यानं भरलेलं, आणि धुक्यात फक्त गुरं बांधायचे खुंटे दिसत होते, सगळी गुरं नुकतीच स्वप्नात निघून गेल्यासारखे. नाना धुतलेला सदरा घालून आले होते. ड्रायव्हरच्या सीटवर बसले, स्टिअरिंगवरून दोन्ही हात एकदा फिरवले, सीटवर थोडे पुढे-मागे झाले आणि गालात हसले. मी शेजारी.

मोटार निघाली. मी बाजूला पाहिलं तर त्यांचे डोळे मिटलेले.

“नाना! डोळे उघडा!”

“उघडीसन काय करू? सुपारी बी गयी. आठ दिन व्हयनात.”

म्हणजे शेवटचे आठ दिवस या माणसाने बोटांनी पाहून काम केलं होतं आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. मी ओरडणार होतो. पण मोटार इतकी अलगद चालली होती, की ओरडलो असतो तर जागी झाली असती.

“डावीकडे पाण्याचा हौद आहे,” मी म्हणालो.

“समजनं.”

“आता सरळ. सरळच. समोर काही नाही.”

“काहीच नही?”

“धुकं आहे.”

“मंग ते माले बी दिखस,” नाना म्हणाले आणि हसले.

आम्ही त्या मैदानात गोल फिरत राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. एकदा त्यांनी विचारलं, “मांगे आबा बठेल शेतस का?”

मी मागे वळून पाहिलं. आता तुम्ही काय समजायचं ते समजा. मी म्हणालो, “आहेत.”

“काय करी राहिनात?”

“झोपलेत. कवळी काढून बाजूला ठेवली आहे.”

“मंग चालू दे,” नाना म्हणाले आणि त्यांनी आणखी एक फेरी मारली.

पुढे नाना मुलीकडे शिंदखेड्याला राहायला गेले. मी महिन्या-दोन महिन्यांनी मोटार घेऊन जायचो. गल्लीच्या तोंडाशी वळलो की ते ओट्यावरून उठून उभे राहिलेले असत. बॉनेट उघडायचं, दांडा लावायचा, बोट वर. दांडा धरलेल्या मुठीतच तो नट.

“सांगितलं का हो तिनं, कुठला आहे ते?”

“आज दुसरंच सांगी राहिनी. तुनी तक्रार करस. पुढला डाव ये.”

मी पुढला डाव जायचो. असं सात वर्षं चाललं. आणि एकदा वळलो तेव्हा ओट्यावर कुणी उठलं नाही. मला कळवायचं राहून गेलं होतं. त्यांच्या मुलीने मला पाणी दिलं आणि मग आतून आणून माझ्या हातावर तो नट ठेवला. धरून धरून त्याचे कोपरे गुळगुळीत झाले होते.

“हाऊ डायवरनी सीटखालना शे,” ती म्हणाली. “मागला डावा पाय. बाबाले चालवाले बठनात तव्हयच समजी गये व्हतं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“मी बी इचारं. म्हनेत, सांगी दिधं त भाऊ नट बसाडी ली. मंग तो कसाले येई आठे?”

सात वर्षं ती सीट माझ्याखाली हळूच डुलत होती आणि मला वाटत होतं, स्प्रिंगा म्हाताऱ्या झाल्या. तिथेच गल्लीत मी पाना काढला, सीटखाली हात घातला. रिकामा बोल्ट बोटांना लागला. नट दोन आटे फिरवला.

मग परत काढला.

अजून मोटार माझ्याकडे आहे. नट खिशात असतो. शिंदखेड्याच्या रस्त्याला वळण आलं की सीट जराशी डुलते आणि खालून बारीक टकटक होते. शेजारी कुणी गप्पा मारत असलं तर मी एक बोट वर करतो.

“थांबा,” म्हणतो. “ती बोलते आहे.”