एका सीडीत मावलेलं लग्न

अमरावतीत लग्नाची शूटिंग करणाऱ्यांमध्ये माझा थोडा तोरा होता. बाकीचे एका लग्नाच्या तीन-तीन सीड्या द्यायचे, मी हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं एकीत बसवून द्यायचो. युक्ती साधी होती. दर सेकंदाच्या चित्रावर कमी माहिती खर्च कर, असं संगणकाला सांगायचं. आमच्या भाषेत बिटरेट उतरवायचा. तेव्हाच्या छोट्या टीव्हीवर कुणाला फरक कळत नसे. लोक खूश, मी त्याहून खूश.

बहिणीच्या लग्नात कॅमेरा अर्थात माझ्याच खांद्यावर. आई दिसली की तो तिच्याकडे वळवायचो, आणि ती पदर ओढून म्हणायची, "माह्यावर काहून फिरवतं रे? पाव्हण्याइचं काढ." पाठवणीच्या वेळी मात्र मी लांबून झूम करून तिला घेतलंच. खांबाला टेकून उभी होती, लेकीकडे बघत. तिला पत्ताच नव्हता.

सीडी तयार झाली की मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची, ही आमच्या धंद्यातली रीत. ही घरची आहे, बाजूला ठेवावी, एवढं मला सुचलं नाही. आठवड्याभरात त्याच कॅसेटवर धामणगावची वरात घेतली.

या हिवाळ्यात आई गेली. भिंतीवर लावायला आधार कार्डावरचा फोटो तेवढा निघाला, त्यात ती घाबरलेली आहे. तेरवी झाल्यावर बहीण म्हणाली, "माह्या लग्नाची सीडी लाव ना, दादा." मी ती पेनड्राइव्हवर घेऊन मोठ्या टीव्हीवर लावली.

पाठवणीत आई आली, आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन. का, ते मला नीट ठाऊक होतं. मागे लायटिंगच्या माळा लुकलुकत होत्या, पुढे पाहुण्यांची झुंबड. असलेली माहिती त्या हालचालीतच संपली. आई स्थिर उभी होती, म्हणून तिच्या वाट्याला उरलंसुरलं आलं. तेही मीच ठरवून दिलेल्या हिशेबाने.

चेहरे सुधारून देणारं एक नवं सॉफ्टवेअर आहे, तेही वापरून पाहिलं. त्यानं नाकीडोळी नीटस अशी एक भलतीच बाई काढून दिली. ती मी लगेच पुसली.

बहीण खुर्ची ओढत ओढत पार दारापर्यंत गेली आणि तिथे बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "इथून पाह्य, दादा. इथून आई दिसून राह्यली." तिचे डोळे वाहत होते, आणि तिला खरंच दिसत होती.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. चौकोन एकमेकांत मिसळावेत म्हणून डोळे बारीक केले, चष्माही काढून पाहिला. इतकी वर्षं चित्रातले दोष शोधून पोट भरलेल्या माणसाचे डोळे ते. मला दारातूनही चौकोनच दिसले. "दिसली ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो.