बारा बोअरची टंचाई

कुवेतला शर्क भागात एका अरबाबाच्या, म्हणजे अरब मालकाच्या, दुकानात मी नऊ वर्षं शिकारीचं सामान विकलं. दुनळी बंदुका, सुरे, ससाण्यांच्या टोप्या आणि बारा बोअरची काडतुसं. माझी शाळा चौथीत सुटली, पण कुठली डबी कुठल्या फळीवर आहे, ते अरबाबही मलाच विचारायचा.

एकसष्टच्या उन्हाळ्यात शेजारच्या देशाने रेडिओवरून सांगितलं, कुवेत आमचंच आहे. दुसऱ्या सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात माणसं. एरवी एक डबी नेणारा दहा मागू लागला. ज्यांच्याकडे बंदूकच नाही, तेही घेऊन गेले. एका म्हाताऱ्याला मी विचारलं, "हाजी, झाडणार कशातून?"

"बंदूक उसनी मिळेल रे हिंदी. काडतूस कोण उसनं देतो?"

तीन दिवसांत फळ्या रिकाम्या. नवा माल बोटीत होता, पण आधी मदतीला आलेल्या फौजेचं सामान उतरणार. त्यातून दारूगोळ्याची बोट इतर बोटींपासून लांब उभी करायची. मग सरकारने परवानेच थांबवले.

मी मात्र अरबाबाशी भांडून एक पेटी मागे ठेवली होती. जहरा गावाच्या पलीकडे वाळवंटात मेंढरं राखणारा एक बदू वर्षातून दोनदा यायचा. त्याच्या कळपावर लांडगे येत. त्याला मी शब्द दिला होता, कुणाला नसलं तरी तुला मिळेल.

पेटी मागच्या खोलीत होती. वर पत्रा, आत भट्टी. दारू पेट घेईल म्हणून मी रोज दुपारी गोणपाटं भिजवून पेटीवर टाकायचो. काडतुसांच्या नळ्या तेव्हा कागदाच्या असत. दुकानात माझ्याबरोबर श्रीवर्धनचा एक गाववाला होता. तो म्हणाला, "मटकी भिजत घातलीस काय? मोड येतील."

मी म्हटलं, "माझ्या बापाने गलबतावरून सुरुंगाची दारू वाहिली. तू मला नको शिकवू."

दीड महिन्याने बदू आला. बंदूक फडक्यात गुंडाळून आणली होती.

"हिंदी, ठेवलंस का माझं?"

"ठेवलंय म्हणजे काय."

मी पेटी फोडली. पहिलं काडतूस बंदुकीच्या नळीत जाईना. दुसरं अर्ध्यावर अडकलं. सगळ्या डब्या गल्ल्यावर ओतल्या. कागद फुगून मऊ झालेला, बोटाने दाबला तर खड्डा पडत होता. अख्ख्या पेटीतून तीन चांगली निघाली.

"असं कसं झालं?" त्याने विचारलं.

"विलायतेतूनच खराब आलं. टंचाईत असलाच माल पाठवतात."

गाववाला शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि झाडू घेऊन बाहेर गेला. बदूने तीन काडतुसं खिशात टाकली. म्हणाला, "गेल्या आठवड्यात चौदा मेंढ्या गेल्या. आता तीन वेळा आवाज करता येईल."

त्या टंचाईची कारणं लोक अजून सांगतात. बोट, फौज, परवाने, साठेबाज. सगळी खरी आहेत. पण त्या एका पेटीचं कारण मी. पत्र्याखाली दारू ठेवायची माझी भीती चुकीची होती, असं मात्र मला आजही वाटत नाही.

पुढल्या थंडीत फळ्या पुन्हा भरल्या होत्या, तेव्हा तो बंदूक विकायला आला. अर्धा कळप लांडग्यांनी नेला, उरलेला त्याने कसायाला दिला. आता तो शुऐबा गावाकडे कुठे बांधकामावर चौकीदार लागला होता. तिथे त्याला काठी दिली होती.

बंदूक माझ्या हातात देत तो म्हणाला, "सगळ्यांनी आपापल्या लोकांसाठी ठेवलं. माझ्यासाठी फक्त तू ठेवलंस. मी हे सगळ्यांना सांगतो."

मी नळी उघडून आत पाहत राहिलो. तो चहाला थांबला, मग शुऐबाच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठला. मी त्याला सांगितलं नाही.