जीपीएस घेऊन हरवलेली माणसं

ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये दोनच गोष्टी साठत जातात, न धुतलेल्या सॅक आणि किस्से. आमच्याकडे किस्से जरा जास्तच साठले, कारण आम्ही जीपीएस घेतला. आधी वाट चुकली तर निदान गुराख्याला तरी विचारायचो. आता चुकतो ते पूर्ण आत्मविश्वासाने!

ग्रुप म्हणजे अंधेरीचा प्रसाद, घाटकोपरची मेधा, मुलुंडची मी आणि आमचे लीडर सावंतकाका. काका मूळचे मालवणकडचे, माझ्याच सोसायटीत राहतात. वीस वर्षं त्यांनी आम्हाला सह्याद्रीत फिरवलं, तेही नुसती झाडं आणि कातळ बघून.

*

मशीनच्या पहिल्याच ट्रेकला प्रसादने जाहीर केलं, "गाव फक्त दोनशे मीटर!" मेधाने आनंदात उरलेलं पाणी पिऊन टाकलं. चार पावलांवर कडा लागला. गाव बरोबर दोनशे मीटरवर होतं, सरळ खाली.

"पण डिस्टन्स करेक्ट आहे ना!" प्रसाद म्हणाला.

वळसा घालून पोचायला चार तास लागले. त्या चार तासांत मेधाने त्याच्या बाटलीतलं पाणीही संपवलं.

*

पुढच्या वेळी मशीन मध्येच बंद पडलं. प्रसादने ऐटीत आठ स्पेअर सेल काढले. एकही चालेना.

"घरी खिडकीत होते रे, तिथूनच उचलले," तो म्हणाला.

मेधाने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, तुझ्या आईने ते रिमोटसाठी उन्हात ठेवले असणार!"

मग आम्हीही ते आठ सेल कातळावर उन्हात मांडले आणि शेजारी बसून राहिलो. अर्ध्या तासाने ढग आले.

*

एका गडावर दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मात्र चुकायचा प्रश्नच नव्हता. मागच्या वर्षीचा ट्रॅक मशीनमध्ये सेव्ह होता. त्या रेषेवरून आम्ही एक पाऊल ढळलो नाही. एकाच करवंदीच्या जाळीला तिसरी फेरी झाली तेव्हा मेधा थांबली.

"यार, मागच्या वर्षी आपण इथेच हरवलो होतो ना?"

इतके हरवलो होतो आणि तेही जपून ठेवलं होतं! काका हसत हसत खाली बसले. "मेल्यांनो, ह्या मशीनाक काय कळता? वाट माका इचारा."

कुणीच विचारलं नाही.

*

का विचारलं नाही, तो किस्सा आम्ही चहावर सांगत नाही. जीपीएस घ्यायच्या आदल्या आठवड्यात, ज्या वाटेने काकांनी आम्हाला कितीदा तरी नेलं होतं, तिथल्या फाट्यावर ते थांबले. बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "चेडवा, आपण चढतव की उतरतव?"

"उतरतोय, काका," मी म्हटलं.

घरी आल्यावर मी हे प्रसाद आणि मेधाला सांगितलं. "हल्ली सगळेच वापरतात" असं काकांना सांगून आम्ही मशीन आणलं. खोटं बोललो. मला अजून लाज वाटते, कारण त्यांना कळलं होतं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं त्या दिवशी सावंतकाकूंनी त्यांची सॅक माळ्यावर टाकली.

*

आता काका एकटे खाली उतरले की मशीन त्यांच्या गळ्यात असतं. सोसायटीचं गेट आम्ही त्यात 'घर' म्हणून टाकून दिलंय. बाण बघायचा आणि चालायचं, एवढंच.

गेल्या रविवारी सकाळी ते भाजीला गेले आणि दुपार झाली तरी परतले नाहीत. काकूंचा फोन आला. काकू आणि मी धावत खाली आलो तर काका गेटसमोरच उभे! एका हातात कोमेजलेली मेथीची जुडी, दुसऱ्या हातात मशीन.

"तासभर झाला," वॉचमन म्हणाला. "आत या म्हटलं तर येत नाहीत."

मी स्क्रीन बघितली. बाण संपला होता. "काका, पोचलात की!"

त्यांनी गेटकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर जराही घाबरलेपण नव्हतं. ट्रेकला पहिल्यांदा आलेल्या माणसाशी बोलायचे तसं, अगदी मायेने म्हणाले, "घाबरू नको, चेडवा. मशीन चुकला हा. मी आसंय ना. माज्या मागसून ये."

आणि ते गेटाकडे पाठ करून रस्त्याला लागले. काकूंनी पदर खोचला. आम्ही दोघी त्यांच्या मागे निघालो.