दोऱ्याचं दुसरं टोक

तिसरीच्या वर्गासाठी काल संध्याकाळी घरी काडेपेट्यांचा टेलिफोन केला. दोन रिकाम्या पेट्या, मधे लांब दोरा. ऐकू येतं का ते बघायला एक पेटी तोंडाशी धरली, तेव्हा लक्षात आलं की दुसरी कानाशी धरायला घरात कोणीच नाही. ती खिडकीच्या गजाला बांधून मी ‘हॅलो’ म्हटलं आणि माझी मीच ओशाळले. पुठ्ठ्याचं घड्याळ, करवंट्यांचा तराजू, सगळं एकटीला चालवून बघता येतं. हे एवढंच येत नाही.

आज वर्गात दुसऱ्या टोकाला सायली होती.

“बोला ना बाई, मी ऐकतेय.”

मी पेटी तोंडाशी धरली. विचारलं, “जेवलीस का?”

पेटी कानाशी नेली.

“जेवले. तुम्ही?”

दोऱ्यातून अगदी स्पष्ट ऐकू आलं.