गाडीवाली आजी

मंजुषाला एखाद्याचा हेवा वाटायला लागला की ती त्या माणसाला वाढायला लागायची. आणखी एक पुरणपोळी घ्या, तूप घ्या, नाही कसं म्हणता, माझी शपथ आहे. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्या नवऱ्यानं, उल्हासनं, एवढं पक्कं ओळखलं होतं की मंजूचा आग्रह वाढला म्हणजे समोरच्यानं नकळत तिच्या वर्मावर बोट ठेवलेलं आहे. नणंदेच्या नव्या घरातलं स्वयंपाकघर आपल्याहून ऐसपैस आहे हे बघितल्यावर तिनं तिथल्या तिथे कानातल्या कुड्या काढून नणंदेच्या हातावर ठेवल्या होत्या. नणंद बिचारी अजून वहिनीच्या मोठ्या मनाचे गोडवे गाते.

बाई तशी कर्तबगार. वेंगुर्ल्याची मुलगी, डॉक्टर झाली, पुण्याच्या कांदा-लसूणही जपून खाणाऱ्या घरात सून म्हणून आली आणि तिथून थेट ओहायोत पोचली. कोलंबसशेजारी डब्लिनमध्ये घर केलं आणि हयातभर हॉस्पिटलात माणसांना भूल दिली. त्या काळी तिथल्या दुकानात मिळायचा तो मासा म्हणजे नुसता बर्फाचा लगदा. वेंगुर्ल्याच्या जिभेला तो कुठला चालायला. मग ओळखीच्या एका नर्सचा नवरा तिला तळ्यावर घेऊन गेला, हातात रॉड दिला, आणि संध्याकाळी मंजुषा स्वतः धरलेला मासा घेऊन घरी आली. तेव्हापासून तिला जे वेड लागलं ते लागलं. उल्हास खात नाही, पण बोट चालवतो. मासा वर आला की तो मोठ्या श्रद्धेनं दुसऱ्या दिशेचं आकाश बघत बसतो.

मुलाला, शंतनूला, यातलं काही जमलं नाही. गळ बघूनच त्याच्या पोटात ढवळायचं. पण त्याची मुलगी अनया आजीची निघाली. पाच वर्षांची असताना ती न घाबरता जिवंत आमिष हातात धरायला लागली आणि मंजुषाला वाटलं, चला, आपलं कुणीतरी आलं. शाळेतून तिला आणणं, पोहायला नेणं, शनिवारी तळ्यावर नेणं, सगळं मंजुषाच्या गाडीतून. अनयाला आजी म्हणजे हीच. दुसरी आजी होती, सूनबाईची, म्हणजे कादंबरीची, आई, पण ती फोनच्या पडद्यावर राहायची आणि तिचं नाव ‘इंडिया आजी’ होतं. मंजुषाला हे नाव फार आवडायचं.

मार्च महिन्यात इंडिया आजी विमानातून उतरली.

रत्नाताई साताऱ्याच्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यापासून एकट्या. सहा महिन्यांसाठी लेकीकडे राहायला आल्या. गाडी चालवता येत नाही, मासे खात नाहीत, थंडी सोसत नाही. मंजुषानं पहिल्याच दिवशी त्यांना जोखलं आणि ती निश्चिंत झाली. पण या बाईकडे एक गोष्ट होती. ती दिवसभर घरात होती आणि तिला कसली घाई नव्हती. ती अनयाशी सागरगोटे खेळायची. जेवताना गोष्ट सांगायची आणि नेमक्या ठिकाणी घास भरवायची. नऊ वर्षं मंजुषा नातीशी मराठीत बोलली आणि नातीनं इंग्रजीत उत्तरं दिली. रत्नाताईंना इंग्रजीत गोष्ट सांगता येत नव्हती, म्हणून तीन महिन्यांत पोरगी मराठी बोलायला लागली. शंतनू कौतुकानं म्हणाला, “आई, बघ ना, काय जादू केली यांनी.” मंजुषानं त्या दिवशी रत्नाताईंना एक काश्मिरी शाल दिली.

खरा घाव पुढेच बसला. एका दुपारी मंजुषा नातीला पोहायला न्यायला गेली. तिची गाडी दारात लागली तशा रत्नाताई आतून म्हणाल्या, “अनू, गाडीवाली आजी आली बघ.” त्यांच्या मनात काही नव्हतं. दोन आज्या आहेत, पोरीला कळावं कुठली ती, एवढंच. पण पोरांना असली नावं गुळासारखी चिकटतात. आठवड्याभरात मंजुषा कायमची गाडीवाली आजी झाली, आणि रत्नाताईंच्या नावातला इंडिया गळून पडला. त्या आता नुसत्या आजी होत्या.

शेकडो लोकांचा श्वास हातात धरून बसलेली बाई, आणि शेवटी काय, तर ड्रायव्हर. मंजुषा घरी येऊन उल्हाससमोर दोन दिवस धुमसत होती. तो म्हणाला, “अगं, लहान आहे ती.” ती म्हणाली, “लहान आहे म्हणूनच खरं बोलते.”

मग तिनंच टूम काढली. रत्नाताईंना जरा अमेरिका दाखवू, केंटकीत लेक कंबरलंड या मोठ्या तलावावर जाऊ, केबिन घेऊ, सकाळी स्ट्राइप्ड बास मासे धरू. वर सगळ्यांची फिशिंगची लायसन्सं काढली, रत्नाताईंचंसुद्धा. “धरायचं नसलं तरी असू द्या, मान असतो,” असं म्हणाली. उल्हासनं मान हा शब्द ऐकला आणि तो काळजीत पडला. हेतू उघड होता. तळ्यावर मंजुषा राणी होती. तिथे सागरगोटे नव्हते, गोष्टी नव्हत्या. तिथे अनयाला तिचा पहिला मोठा बास मंजुषाच्या शेजारी उभं राहून धरायचा होता, आणि विहीणबाई कोपऱ्यात मळमळत बसणार होत्या. त्या माशाबरोबर आपलं नाव परत मिळेल अशी तिची अगदी खात्री होती.

पहाटे धुकं होतं. शंतनू आणि कादंबरी आठवडाभर लॅपटॉपशी झटून आले होते, त्यांना केबिनमध्ये झोपू दिलं. भाड्याच्या बोटीत चौघंच. उल्हास सुकाणूवर. मंजुषानं रॉड लावले, जिवंत मासोळ्या गळाला अडकवून खोल सोडल्या. रत्नाताई मफलर गुंडाळून, त्यावर लाइफ जॅकेट चढवून, कठडा घट्ट धरून बसल्या होत्या. इथपर्यंत सगळं मनासारखं झालं. फक्त अनया मंजुषाजवळ नव्हती. ती रत्नाताईंच्या शेजारी बसून त्यांना समजावत होती.

“हे रील आहे. मासा ओढतो ना, तेव्हा दोरा सोडायचा. फुल टाइट ठेवलं तर तुटतो.”

“म्हणजे पतंगाला ढील देतात तसं का गं?” रत्नाताईंनी विचारलं.

“ढील म्हणजे?”

रत्नाताईंनी कठड्यावरचा एक हात सोडून हवेत पतंग उडवला, ढील दिली, खेचला. अनया खदखदून हसली आणि म्हणाली, “आजी, पुन्हा दाखव.”

मंजुषा हातातलं आमिष तसंच धरून उभी राहिली. हेच सगळं तिनं या पोरीला चार वर्षं शिकवलं होतं, धीरानं, पण तळ्यावरचे शब्द तेवढे इंग्रजीतले. ढील हा शब्द तिला आठवलासुद्धा नव्हता. आणि आता तिचंच शिकवणं तिच्यासमोर दुसऱ्या आजीच्या ओटीत जात होतं. तिच्या छातीत जळलं. जळलं की तिचं काय व्हायचं ते झालंच.

“रत्नाताई,” ती गोड आवाजात म्हणाली, “हा पुढचा रॉड तुम्ही घ्या. पहिला मासा तुमचा.”

“छे हो, मला काय त्यातलं कळतंय.”

“नाही कसं म्हणता. तुम्ही पाहुण्या. मान तुमचा.”

“अहो, पण मी खातसुद्धा नाही.”

“धरायला काय होतंय. माझी शपथ आहे तुम्हाला.”

शपथ ऐकून उल्हासनं मागे वळून बघितलं. “मंजू,” तो हळूच म्हणाला. पुढचा रॉड अनयासाठी राखलेला होता हे त्याला माहीत होतं. मंजुषालाही माहीत होतं, पण शब्द तोंडातून गेले होते. आता विहीणबाईंनी रीतीप्रमाणे तिसऱ्यांदा नको म्हणायचं आणि विषय संपवायचा, एवढंच बाकी होतं. पण रत्नाताईंना वाटलं, एवढी शपथ घातलीय, आता नाही म्हटलं तर लेकीच्या सासूचं मन मोडेल. त्या घाबरत उठल्या आणि त्यांनी रॉड हातात घेतला.

अनया रुसेल अशी मंजुषाला आशा होती. अनया टाळ्या पिटत म्हणाली, “येस, आजी विल डू इट.”

थोड्याच वेळात रॉडचं टोक वाकलं ते सरळ पाण्यात गेलं. रील किंचाळायला लागलं. रत्नाताईंनी रॉड दोन्ही हातांनी आवळला. अनयानं धावत जाऊन त्यांच्या कमरेला मिठी मारली, एक हात रॉडवर ठेवला आणि ओरडायला लागली, “ढील दे, आजी, ढील दे. आता ओढ. आता पुन्हा ढील.” साताऱ्याची मास्तरीण आणि डब्लिनची नात, दोघी मिळून तो मासा खेळवत होत्या. मंजुषा जाळी घेऊन कडेला उभी होती. तिला कुणी काही विचारत नव्हतं.

मासा वर आला. चंदेरी अंग, त्यावर काळ्या पट्ट्या, आणि लांबी जाळीत मावेल न मावेल अशी. इतक्या वर्षांत मंजुषाला एवढा मिळाला नव्हता. अनयाच्या डोळ्यांत जे होतं ते तिला त्याहून जास्त लागलं. हा दिवस ही पोर जन्मभर सांगणार होती, आणि त्या गोष्टीत गाडीवाली आजी जाळी धरून उभी असणार होती.

जाळी माशाच्या डोक्याकडून घालायची असते. शेपटीकडून घातली तर मासा बुजून उसळतो आणि दोऱ्याला हिसका बसतो. हे अनयालासुद्धा ठाऊक होतं. मंजुषानं जाळी शेपटीकडून घातली. ते चुकून झालं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. तिनं बघितलं, ठरवलं आणि घातली. जाळीची कड दोऱ्यावर आपटली, मासा उसळला, आणि गळ मोकळा होऊन बोटीच्या पत्र्यावर टणकन आदळला.

पाणी हललं आणि स्तब्ध झालं.

“कसा गेला?” अनया म्हणाली. मग तिनं जाळीकडे बघितलं, मंजुषाकडे बघितलं. “हाउ डिड इट गेट ऑफ?”

रत्नाताई कठड्यावर वाकलेल्या होत्या, पाण्याच्या अगदी जवळ. जाळी कुठून आली हे त्यांनी बघितलं होतं. त्यांनी मान वर केली आणि दोघींची नजरानजर झाली. मंजुषाला कळलं की या बाईला सगळं कळलं आहे, जाळीचं आणि त्यामागचंही.

“माझ्यामुळे गेला गं,” रत्नाताई म्हणाल्या. “मी घाबरले आणि एकदम दोरा सोडला. त्या काय करणार बिचाऱ्या.”

“मी सांगितलं होतं ना,” अनयाचा आवाज चिरकला. “शेवटी ढील नाही द्यायची. आय टोल्ड यू. यू रुइन्ड इट.” तिनं त्यांचा हात झटकला, बोटीच्या या टोकाला आली आणि मंजुषाच्या जॅकेटमध्ये तोंड खुपसून रडायला लागली. “आजी,” ती हुंदक्यात म्हणाली, “इट वॉज सो बिग, आजी.”

नुसतं आजी. मंजुषाचा हात आपोआप नातीच्या केसांवर गेला.

समोर रत्नाताई रॉड परत लावायचा प्रयत्न करत होत्या. त्यांच्या तळव्यांवर लाल वळ उठले होते. नातीकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि नजर पाण्याकडे वळवली. मंजुषानं जन्मभर लोकांना दिलं ते मनातला जाळ झाकायला दिलं होतं. या बाईनं स्वतःकडे होतं त्यातलं सगळ्यांत मोठं उचललं आणि काही न मनात धरता देऊन टाकलं, कुणी मागितलं नसताना. तीन महिन्यांत मंजुषाला तिचा जितका हेवा वाटला नव्हता तितका त्या क्षणी वाटला. तिला ती बाई सहन होईना.

उल्हास इंजिन बंद करून तिच्याकडे बघत होता. अगं, माझीच जाळी चुकली, एवढं एक वाक्य पुरलं असतं. रत्नाताईंनी दिलेलं रीत म्हणून तरी तिनं एकदा नको म्हणायला हवं होतं.

मंजुषानं नातीला आणखी जवळ ओढलं आणि उल्हासला सांगितलं, “चल, बोट फिरव. पोर दमली आहे.”