धुरपता वयनीच्या सहा ओळी

मी बाबाराव, पवनारकडचा. रागीट हाय, हे अख्खं गाव सांगते, तवा मीच सांगून टाकतो. पण ही गोष्ट मायी नाई, माया वयनीची, धुरपताबाईची हाय.

भाऊ वारल्यावर त्याचं दोन एकर वावर वयनीच वाह्यते. कागदावर मात्र नाव मायं. बाजूचं तेवढंच वावर मी वाह्यतो. यंदा तिनं पराटीले, म्हंजे कपाशीले, युरिया निम्माच द्यायचा ठरवला. आमी आभाळ दाटलं का मुठीनं फेकतो अन् पराटी हिरवीगार दिसली का मिशीले पीळ देतो. ही बाई झाडापासून चार बोटं दूर काडीनं भोक पाडे, चिमूटभर खत टाके, वरून माती लोटे. तेही तीन खेपेत. पाहूनच मायी कंबर दुखे.

मी भडकलो. म्हटलं, कापूस मायापेक्षा कमी आला तर वावर ठेक्यानं देऊन टाकीन. तिनं 'कबूल' म्हटलं अन् पुन्हा भोकं पाडाले लागली. वावर गेलं असतं तर तिच्याजवळ काईच राह्यलं नसतं.

कृषी कॉलेजातून काजल नावाची पोरगी येत जाये. दोघांच्याई वावरात जमिनीवर डबा पालथा घाले अन् सिरिंजनं आतली हवा ओढे. मी लय हसलो. मंग तिनं सांगतलं, झाडानं न खाल्लेल्या युरियाचा वायू होते. दिसत नाई, पण गाड्यांच्या धुरातल्या कार्बनपेक्षा अडीचशे पटीच्या वर धरती तापवते, अन् शंभर वर्षं आभाळात राह्यते. अरे बापा! माया मुठीतलं खत नातवाच्या नातवापर्यंत जाते, हे मले कोणीच सांगतलं नव्हतं. त्या दिवशी तंबाखू हातातच राह्यली.

तरी सवय जात नाई. ऑगस्टात तिची पराटी फिक्कट दिसली अन् माया जीव कळवळला. बिचारीचं वावर जाईल म्हणून, ती भाजी विकाले वर्ध्याले गेलती तवा, डब्याजवळच्या सहा ओळीत म्या गपचूप अर्धं पोतं युरिया फेकला.

आठवड्यानं तिच्या डब्यात मायापेक्षा जास्त वायू निघाला. काजलचं तोंड उतरलं. वयनी म्हणाली, खत जास्त पडलं असन माया हातून. मी बाजूलेच उभा होतो, तंबाखू मळत राह्यलो.

कापसाची येचणी झाली. बाकी वावर निम्म्या खतावर मायाच्या बरोबरीनं पिकलं. हे पाहून मी चाट पडलो. फक्त त्या सहा ओळी काळ्याभोर होऊन माणसाएवढ्या वाढल्या, तुडतुड्या किडीनं खाल्ल्या, बोंडं मोजकीच. तेवढ्यापायी तिचा कापूस एका चुंगडीनं, म्हंजे एका पोत्यानं, कमी भरला. वयनी म्हणाली, आता द्या ठेक्यानं, बोली ते बोली.

मले राहवलं नाई. काजलसमोरच म्हटलं, "वयनी, तो युरिया म्या फेकला."

"मले तवाच मालूम होतं, भाऊजी. मुठीनं फेकलेले दाणे वरच दिसलते. तुमी मायं वावर वाचवाले गेलते. ते चारचौघात कसं सांगू?"

वावर हातचं चाललं होतं, तरी ही बाई मायी लाज झाकून राह्यली होती. असं मोठं मन म्या जन्मात पाह्यलं नाई. लेकरावानी रडलो मी, वजनकाट्याजवळच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तलाठ्याकडे गेलो अन् त्या दोन एकरावरचं मायं नाव काढून तिचं चढवाले अर्ज दिला.