घोडीला टाके घालणाऱ्या बाई

घोडीचं ऑपरेशन वीस मिनिटांत उरकतं. पण त्याआधी एक चहा होतो, नंतर दुसरा, आणि निघताना घरची मंडळी वाट अडवून तिसरा पाजतात. किस्से साठतात ते या चहांमध्ये. मुरबाडला जनावरांची डॉक्टर म्हणून मला अठरा वर्षं झाली. गाई-म्हशी-शेळ्या रोजच्याच, पण मैत्रिणींत गप्पा सुरू झाल्या की मी हटकून गाभण न राहणाऱ्या घोड्यांवर येते.

*

पहिली घोडी शहापूरच्या युसूफचाचांची, मैना. वरातीची घोडी, दिसायला देखणी, पण तीन वर्षं गाभण राहत नव्हती. चाचांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की हिला आणखी एक खोड आहे. चालताना मागून आवाज करते. बँडवाले हसतात, आणि एकदा तर खुद्द नवरदेवाला हसू आवरेना.

मी म्हटलं, जरा पळवा. चाचांनी तिला दुडक्या चालीनं अंगणात फिरवलं आणि मला तो आवाज ऐकू आला. खोड नव्हतीच ती, रोग तोच होता. मागचं दार, म्हणजे योनीचं तोंड, सैल पडलेलं. पावलागणिक हवा आत जायची, हवेबरोबर लिदीची घाण, आणि गर्भाशयाला सूज. इलाज म्हणजे जागा बधिर करून दाराच्या वरच्या भागाला टाके घालायचे, खालचा भाग मोकळा ठेवायचा.

चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दार बंद केल्यावर पोर यायचं कुठनं?"

"यायच्या आधी उघडू आपण."

"तुमी विसरलात तर?"

"तुम्ही आठवण करा," मी म्हटलं. हे मी बोलायला नको होतं!

*

खरं सांगायचं तर हे ऑपरेशन मी पुस्तकात वाचलं होतं, हातानं कधी केलं नव्हतं. म्हणून मुंबईला माझ्या सर्जरीच्या सरांना फोन केला. सर केव्हाच निवृत्त झालेले. मला फक्त फोनवर धीर हवा होता. सर दुसऱ्या दिवशी सकाळी कल्याणहून शेअर जीपनं मुरबाडला येऊन उतरले.

मला वाटलं, आता सर करतील, आपण बघायचं. शहापूरला पोचल्यावर सरांनी चाचांकडून खुर्ची मागवली, मैनेच्या मागे थोड्या अंतरावर बसले आणि दोन्ही हात काखेत घट्ट दाबून म्हणाले, "कर."

माझा पहिला टाका वाकडा पडला. सर म्हणाले, काप आणि परत घाल. असं चार वेळा झालं. पाचव्यांदा म्हणाले, पुढचा घाल.

परत निघताना त्यांनी पिशवीतून सुई धरायचा त्यांचा स्वतःचा चिमटा काढून मला दिला. आता मला लागत नाही, म्हणाले. मला ते नुसतं बोलणं वाटलं. मग जीपमध्ये चढताना त्यांनी दांड्याला हात घातला, तेव्हा मी तो हात पाहिला. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त थरथरत होता.

*

मैना गाभण राहिली. शेवटच्या महिन्यात चाचांचा रोज फोन. पाहुण्यांत बसलेली असो की मुलीच्या शाळेत बाईंसमोर, फोन उचलला की एकच प्रश्न, "बाई, दार?" मी वेळेवर जाऊन टाके उघडले आणि मैनेला लेक झाली, गुटगुटीत शिंगी. चाचांनी कौतुकानं तिचं नाव ठेवलं डॉक्टरीण.

तीही पुढे वरातीला जायला लागली. मागच्या वर्षी शहापूरलाच एका लग्नात मंडपाबाहेरून कुणीतरी हाक दिली, "डॉक्टरीण आली का?" मी जेवणाच्या पंगतीतून हात वर केला. बाहेर नवरदेव खोळंबला होता. त्यांना घोडी हवी होती.

*

घोडीचं डोकं धरायला माझ्याबरोबर गोविंदमामा असतात. सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, निवृत्तीनंतर माझ्याकडे आले. घोडी उभीच असते, शुद्धीत असते, म्हणून मामा टाके पडेपर्यंत तिच्या कानात सारखे बोलत राहतात. काय बोलतात ते मी कधी विचारलं नाही. मामा तसे अबोल माणूस. आपण चार वाक्यं बोलावीत तेव्हा त्यांचं एक "हूं" येतं.

एकदा टोकावड्याकडे टाके घालत होते तेव्हा वारा माझ्या दिशेनं होता. मामा घोडीला सांगत होते की बायपास झाली तेव्हा फार भ्यालो होतो, बाई रोज डबा घेऊन यायच्या, त्यांना कधी बोललो नाय, पण तेवढ्यावर उठून बसलो.

मी शेवटचे दोन टाके उगाचच सावकाश घातले.

*

धसईच्या जनाबाईंची घोडी घोड्यासारखी वागायला लागली होती. मान ताठ, दुसऱ्या घोड्यांवर धावून जायची, खिंकाळायची. गावात म्हणत, बाहेरचं काही लागलंय. तपासलं तर डाव्या अंडाशयात नारळाएवढी गाठ. ती माझ्या आवाक्यातली नव्हती. मुंबईचे सर्जन तिच्या कुशीत छेद देऊन ती काढणार होते. जनाबाई एकट्या, पदरी ही एकच घोडी. रडतील, नको म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ती उठल ना?" आणि ऑपरेशन चाललं तेवढा वेळ तिच्या गळ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

घोडी वाचली, शांत झाली. सहा महिन्यांनी जनाबाई तक्रार घेऊन आल्या. आधी ही अंगणात कुणाला पाय ठेवू द्यायची नाही, आता गावची कुत्री ओट्यावर येऊन झोपतात. याला काही औषध? मी नाही म्हटलं. पुढच्या साली घोडी व्याली, तेव्हा मात्र त्या तांदळाची गोणी जीपवर घालून आल्या. नव्या भाताचा वास दवाखान्यात आठवडाभर होता.

*

आणि एक किस्सा त्या जनाबाईंच्याच शेजारणीचा. बाई साठीच्या, बरोबर सून. सुनेच्या लग्नाला सहा वर्षं झालेली, मान खाली. शेजारीण म्हणाली, "हिला बघा."

मी म्हटलं, मावशी, मी जनावरांची डॉक्टर.

"म्हायती हाय. जनीच्या घोडीला तुमी सा महिने बघलं. आमच्या हिला कोणी सा मिनटं बघलं नाय. सगळी नुस्ती बोलतात."

मी दोघींना बसवलं. चहा सांगितला. कल्याणला माझी मैत्रीण बायकांची डॉक्टर आहे, तिला चिठ्ठी लिहायला घेतली आणि सवयीनं जे प्रत्येक घोडीच्या मालकाला सांगते तेच सांगितलं, की आम्ही घोडीला हात लावायच्या आधी घोड्याची तपासणी करतो.

मावशींचा कप हातातच राहिला. सून पहिल्यांदा वर बघत होती. मावशींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "चिठ्ठीवर दोघांचीबी नावं लिवा."

त्याला दीड वर्ष झालं असेल. धसईच्या बाजारात मी भाजी घेत होते. पलीकडे मावशी वांगी निवडत होत्या, शेजारी सून, सातवा महिना लागलेला. भाजीवालीनं आणि तिच्या आजूबाजूच्या बायकांनी मावशींना घेरलं, सुनेला काय औषध दिलंत, आमालाबी सांगा.

मावशींनी एक वांगं उलटसुलट करून पाहिलं, टोपलीत ठेवलं.

"सुनेला काय नाय दिलं," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "माझ्या पोराला दिलं."